२२ जुलै वर्गात कसा साजरा करावा

वर्तुळाच्या परिघाला व्यासाने भागले की जी संख्या येते ती पाय, साधारण ३.१४. गणिताचे हौशी चाहते १४ मार्चला तिचा ‘पाय दिवस’ साजरा करतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात लॅरी शॉ यांनी १९८८ साली ही प्रथा सुरू केली. महिना आधी लिहिण्याच्या अमेरिकी पद्धतीत ती तारीख ३/१४ अशी दिसते, त्यामुळे तिथे ती शोभूनही दिसते. आपल्याकडे तारीख आधी लिहितात, शिवाय मार्च हा परीक्षांचा महिना. त्यापेक्षा फळ्याच्या कोपऱ्यात २२/७ हा पायच्या जवळचा अपूर्णांक ज्या दिवशी आपोआप उमटतो, तो २२ जुलै आपल्या शाळांना सोयीचा आहे. या सणाला ना सुट्टी, ना मुहूर्त, ना वर्गणी. सलग दोन तासिका मिळाल्या की काम भागते.

आदल्या दिवशी प्रत्येक मुलाला घरून एक गोल वस्तू आणायला सांगावे. ताट किंवा वाटी नको, कारण पसरट काठावरून दोरा निसटतो. सरळ उभ्या बाजूचा स्टीलचा डबा सर्वांत उत्तम. शिलाईच्या दोऱ्याची दोन-तीन रिळे आणि मोजपट्ट्या शाळेत असतातच. सुतळी मात्र वापरू नये. तिच्या जाडीमुळे परीघ हमखास वाढून येतो.

परीघ मोजताना दोऱ्याचे एकाला लागून एक असे १० वेढे घ्यावेत, तो उलगडून लांबी मोजावी आणि १० ने भागावे, म्हणजे मोजण्यातली चूकही तितकीच विभागली जाते. व्यासाचे काम अधिक नाजूक असते, कारण वर्तुळाचा मध्य डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी डबा दोन जाड पुस्तकांच्या मध्ये उभा धरावा, पुस्तके समांतर ठेवावीत आणि त्यांच्यातले अंतर मोजावे. १४ सेंमी व्यासाच्या डब्याचा परीघ साधारण ४४ सेंमी भरतो आणि गुणोत्तर ३.१४ येते, पण व्यास चुकून १४.१ वाचला, तर तेच उत्तर ३.१२ वर घसरते. एका मिलिमीटरने केलेली ही करामत मुलांना स्वतः पाहू द्यावी. सर्वांची उत्तरे फळ्यावर मांडून सरासरी काढावी आणि फार दूर गेलेले उत्तर खोडण्याऐवजी त्याचे माप पुन्हा घ्यायला लावावे. दशांश स्थळे पाठ म्हणून दाखवण्याची स्पर्धा शक्यतो टाळावी. तिच्यात स्मरणशक्तीचे कौतुक होते, वर्तुळाचे नाही.

इथे बाराव्या शतकातील भास्कराचार्यांची आठवण काढणे उचित ठरेल. ‘लीलावती’त त्यांनी पायच्या दोन किमती दिल्या आहेत : ३९२७/१२५० ही सूक्ष्म, तर २२/७ ही स्थूल, पण व्यवहारयोग्य. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याची नोंद असलेला शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. जळगाव जिल्ह्यातल्या शिक्षकांनी तर हा उल्लेख चुकवूच नये.

दुसरी तासिका संगणकासमोर घ्यावी. स्प्रेडशीटच्या पहिल्या दोन स्तंभांत ० ते १ मधल्या यादृच्छिक (कोणत्याही क्रमाविना येणाऱ्या) संख्या देणारे सूत्र १००० ओळींपर्यंत ओढावे. प्रत्येक ओळीतल्या दोन संख्या म्हणजे १ बाजूच्या चौरसातल्या एका बिंदूची जागा. तिसऱ्या स्तंभात, दोन्ही संख्यांच्या वर्गांची बेरीज १ पेक्षा जास्त नसेल तर १, नाहीतर ० लिहिणारे सूत्र द्यावे. या स्तंभाच्या सरासरीची चौपट म्हणजे पायची अंदाजी किंमत, कारण चौरसात विखुरलेल्या बिंदूंपैकी किती बिंदू पाव वर्तुळात पडले, हेच ती सरासरी सांगते. पत्रक पुन्हा गणले की आकडा बदलतो, कधी ३.०९, कधी ३.१९. १००० बिंदूंत साधारण ०.०५ इतका फरक पडणे स्वाभाविकच आहे, तर २२/७ मधली चूक जेमतेम ०.००१३ आहे. या पद्धतीने साध्या अपूर्णांकाची बरोबरी साधायला सुमारे १७ लाख बिंदू लागतात, आणि शाळेच्या जुन्या संगणकावर तो प्रयोग करायचा हट्ट मुलांनी धरलाच, तर तो मधल्या सुट्टीत लावून ठेवावा.