जुने कंदील आणि तेलाचे दिवे घरात वापरताना, जमवताना या चुका टाळा

आषाढातली अमावास्या जवळ आली की दिवे माळ्यावरून खाली उतरतात. समई, निरांजन, लामणदिवा आणि बहुतेक घरांत आजोळहून आलेला एखादा कंदील. घासूनपुसून, पाटावर मांडून दीपपूजन होतं आणि मग कुणाला तरी कंदील पेटवून बघायची हौस येते. ठाण्यात घर नौपाड्यातलं असो की घोडबंदर रोडच्या टॉवरमधलं, पुढे घडतं ते एकच. पाच-दहा मिनिटांत काच काळी होते, खोलीभर वास सुटतो आणि "बिघडलाय हा" असं म्हणून कंदील परत माळ्यावर जातो.

माझं ठाम मत आहे की असे बहुतेक कंदील बिघडलेले नसतात. तेल, वात आणि हवा यांपैकी काहीतरी एक चुकलेलं असतं. ते नीट केलं की पणजोबांच्या काळातला कंदीलही आज स्वच्छ जळतो.

समईचं तेल कंदिलात, कंदिलाचं समईत

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. समईत तेल आणि ज्योत यांच्यात जेमतेम बोटभर अंतर असतं, त्यामुळे तिळाचं किंवा खोबऱ्याचं दाट तेलही वातीतून सहज चढतं. कंदिलात ज्योत टाकीच्या तळापासून बरीच वर असते. तिथवर चढायला तेल पातळच लागतं. दाट तेल घातलं की ते अर्ध्या वाटेत अडतं, वात कोरडी पडते आणि तेलाऐवजी वातच जळते. पूजेचं तेल म्हणून बाटलीत मिळणारी बरीच तेलं आणि औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन यांचंही तेच. 'पॅराफिन' हे नाव वाचून अनेकजण फसतात, पण ते कंदिलासाठी फार दाट असतं. असं तेल घालून झालं असेल तर टाकी रिकामी करा, थोड्या रॉकेलने विसळा आणि वात बदला. जुनी वात धुऊन फारसा उपयोग होत नाही.

कंदील मुळात रॉकेलसाठी घडवलेला आहे. इग्नात्सी लुकासिएविच या औषधनिर्मात्याचा रॉकेलचा दिवा १८५३ साली ल्वीव शहरातल्या रुग्णालयात लागला, आणि त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला पोहोचली. रेल्वेचे हातदिवे जमवणाऱ्या ठाणेकरांनी हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे.

उलटी चूकही तितकीच वाईट. रॉकेल समईत किंवा पणतीत घालू नका. उघड्या ज्योतीवर ते प्रचंड धूर करतं, आणि समई कलंडली तर पातळ रॉकेल क्षणात फरशीभर पसरतं.

आता रेशनवरचं निळं रॉकेल आपल्याकडे सहज मिळत नाही. मग लोक रंगाच्या दुकानातून थिनर आणतात, कुणी टर्पेंटाइन आणतं, कुणी आहे त्या रॉकेलमध्ये थोडं पेट्रोल मिसळतं. हे कधीही, कुठल्याही कारणाने करू नका. चांगल्या रॉकेलची वाफ साधारण ३५ अंश सेल्सिअसच्या खाली ठिणगीने पेट घेत नाही; भारतीय मानकात हीच किमान मर्यादा आहे. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेटते. रंगकामाच्या थिनरचीही साध्या घरातल्या तापमानाला पेटते. कंदील जळताना त्याची टाकी कोमट होते, म्हणजे अशा मिश्रणाची वाफ ज्योतीखालीच कोंडलेली असते. रॉकेल मिळालं नाही तर दिव्यासाठीच बनवलेलं, पातळ, घरात वापरण्याचं लॅम्प ऑइल घ्या. डास पळवणारं सिट्रोनेला तेल बागेतल्या मशालींसाठी असतं, ते बंद खोलीत जाळू नये.

त्या ३५ अंशांवरून आणखी एक. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या बाल्कनीत ठेवलेला पत्र्याचा डबा दुपारी यापेक्षा कितीतरी जास्त तापतो. रॉकेल घरात लिटरभराहून जास्त साठवू नका. ते घट्ट झाकणाच्या डब्यात, सावलीत, गॅसपासून लांब आणि मुलांचा हात पोहोचणार नाही असं ठेवा. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर मुळीच नको. चुकून मुलाच्या पोटात रॉकेल गेलं तर त्याला उलटी करायला लावू नका, कारण उलटीसोबत ते फुप्फुसात जातं आणि खरा धोका तिथे असतो. थेट रुग्णालय गाठा.

वात घाईने लावणे

नवी वात घातली की लगेच काडी लावायची नाही. टाकी भरून वीस मिनिटं कंदील तसाच ठेवा. बोट लावून बघा. वातीचं टोक ओलं लागलं पाहिजे.

वात कापणं हे या छंदातलं खरं कसब आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. बर्नर, म्हणजे वात धरणारा चावीचा भाग, काढून हातात घ्या आणि चावी फिरवून वात दोन-तीन मिलिमीटर वर आणा. धारदार कात्रीने, बर्नरच्या पट्टीला समांतर, एका दमात सरळ कापा. थांबत थांबत कापलं की धागे सुटतात. मग दोन्ही कोपरे अगदी किंचित, तांदळाच्या कणीएवढे, तिरके उडवा. कोपरे तसेच राहिले तर ज्योतीला दोन्ही बाजूंनी शिंगं फुटतात आणि काच त्या दोन जागी काळी होते. एखादा धागा बाहेर आलेला दिसला तर तो ओढू नका, कापा. पुढच्या वेळी सगळी वात पुन्हा कापायची गरज नसते, वरचा काळा कडक थर काढला तरी पुरतं.

वातीची रुंदी अंदाजाने घेऊ नका. बर्नरची फट पट्टीने मोजून तो आकडा घेऊनच जांभळी नाक्याच्या बाजारात जा, आणि वात शंभर टक्के सुती असल्याची खात्री करा. अरुंद वातीशेजारी फट उरते आणि त्या फटीतून ज्योत खाली टाकीकडे जाऊ शकते. रुंद वात कोंबून बसवली तर चावीचे दाते झिजतात.

पेटवल्यावर वात लगेच मोठी करणं ही सवयीची चूक. कंदील तापायला पाच ते दहा मिनिटं लागतात आणि तापला की ज्योत आपोआप वाढते. आधी बारीक ठेवा, मग हवी तेवढी करा. विझवल्यानंतर वात बर्नरच्या काठाखाली उतरवून ठेवा. वर राहिली तर तेल झिरपत राहतं आणि सकाळी टाकी बाहेरून ओली लागते. लोक टाकी गळते असं समजून ती झाळायला देतात, आणि दोष असतो वर राहिलेल्या वातीचा.

हवा अडली की काजळी धरते

कंदिलाच्या बाजूच्या दोन नळ्या फक्त उचलण्यासाठी किंवा शोभेसाठी नसतात, त्यांतून ज्योतीला हवा मिळते. जुन्या पद्धतीच्या कंदिलात या नळ्या काचेच्या वरच्या टोपीत उघडतात आणि जळून तापलेली हवाच थोडी मिसळून परत खाली येते. नंतरच्या पद्धतीत बाहेरची ताजी हवा खेचली जाते, त्यामुळे त्या कंदिलांचा उजेड जास्त पांढरा आणि भरपूर असतो. पहिल्या जातीच्या कंदिलाकडून दुसऱ्याएवढ्या उजेडाची अपेक्षा धरून वात वाढवत नेली की धूर होणारच.

वात नीट आहे, तेल नीट आहे आणि तरी काजळी धरते? मग नळ्या बघा. माळ्यावर पडून राहिलेल्या कंदिलाच्या नळीत कुंभारमाशीचं मातीचं घर हमखास सापडतं. लवचीक तारेने ते मोडून काढा आणि उलट बाजूने जोरात फुंका. बर्नरखालची भोकांची जाळीही साबणाच्या गरम पाण्यात घासून पूर्ण वाळवा.

ज्योत तडतडत असेल, उडी मारत असेल तर टाकीत पाणी आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे फार होतं. रॉकेल काचेच्या बाटलीत ओतून रात्रभर ठेवा. पाणी जड असल्याने तळाशी बसतं, वरचं तेल अलगद काढून घ्या. ज्योत हळूहळू मिणमिणी होत गेली तर वात जुनी होऊन चोंदलेली असते किंवा टाकीतलं तेल फार खाली गेलेलं असतं. उचलल्याबरोबर कंदील विझला तर काच तिच्या बैठकीत बसलेली नाही.

आणि काच. गरम काचेवर पाण्याचा एक थेंबही पुरतो. पावसात ग्रिलमध्ये टांगलेल्या कंदिलाची काच अशीच जाते. काच गार झाल्यावरच पुसा, आणि धुतली असेल तर पूर्ण कोरडी झाल्याशिवाय बसवू नका. चाळलेली राख आणि वर्तमानपत्राचा बोळा अजूनही उत्तम काम करतो.

फ्लॅटमध्ये पेटवताना

बंद खिडक्या आणि चालू एसी अशा खोलीत कंदील लावू नका. ज्योत ऑक्सिजन खाते, आणि नीट न जळणारी ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडते, ज्याला वास नसतो. खिडकी चार बोटं तरी उघडी हवी. कंदील जळता ठेवून झोपायचं नाही, जळत्या कंदिलात तेल ओतायचं नाही, टाकी गळ्यापर्यंत भरायची नाही. वर पडदा, कपाटाची फळी किंवा फॉल्स सीलिंग जवळ नको. टोपीतून निघणारी हवा हाताला चटका देण्याइतकी गरम असते. कागदी आकाशकंदिलात खरी ज्योत तर अजिबात नको.

सांडलेलं रॉकेल पेटलं तर पाणी ओतू नका. रॉकेल पाण्यावर तरंगतं आणि आग पुढे सरकते. जाड सुती किंवा लोकरीची चादर टाकून हवा तोडा, किंवा जिन्यातलं अग्निशामक नळकांडं वापरा. ते चालवायचं कसं हे आधीच शिकून घ्या. आवाक्यात नसेल तर बाहेर पडा आणि १०१ लावा.

गॅसबत्ती हे वेगळंच प्रकरण आहे. पंपाने दाब दिलेलं रॉकेल घरात हाताळू नये, मोकळ्या अंगणातच ठीक. तिच्या जुन्या मँटलमध्ये, म्हणजे उजेड देणाऱ्या जाळीच्या पिशवीत, थोरियम असतं आणि ते किरणोत्सारी आहे. फुटलेल्या मँटलची राख फुंकू नका, ओल्या कागदाने टिपून काढा.

जमवणाऱ्यांच्या चुका

मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर गेलात तर पितळी जहाजी दिव्यांची रांगच दिसते. लंडनचं नाव आणि शंभर वर्षांपूर्वीचं साल असलेली पट्टी पाहून हरखू नका. असे दिवे सजावटीसाठी आजही बनतात, मुरादाबाद आणि रुरकीकडे त्याचा मोठा धंदा आहे. वाईट काही नाही, पण ते जुने म्हणून घेऊ नका आणि पेटवूही नका. त्यांतल्या बऱ्याचशांची टाकी तेलासाठी बनवलेलीच नसते. दुकानदाराला सरळ विचारा, "काका, बर्नर काढून बघू का?" चावी फिरवल्यावर वात वरखाली होते का? बर्नरच्या आत जुन्या काजळीचा थर आहे का, की बाहेरच काळा रंग फासलाय? स्क्रूच्या डोक्यावर फुलीची खाच आहे का? तसे स्क्रू १९३०च्या दशकात आले, म्हणजे १८९०च्या म्हणवणाऱ्या दिव्यावर ते असणं शक्य नाही.

परदेशी नावांच्या मागे लागून घरचं सोडू नका, हे मात्र मनापासून सांगते. डीट्झ किंवा फॉयरहँड या कंपन्यांचे कंदील लोक शोधत फिरतात, पण कराडजवळच्या ओगलेवाडीत बनलेला 'प्रभाकर' कंदील आपल्याच कुणा मावशीच्या गावी गोठ्यात टांगलेला असतो आणि भंगारात जातो. टाकीवर, टोपीवर, काचेवर नाव उमटवलेलं आहे का ते आधी बघा. मूळ काच शाबूत असेल तर तिला जिवापाड जपा, कंदिलापेक्षा ती दुर्मीळ असते.

अशा वस्तूला चिंचेने लख्ख करण्याचा मोह होतो. देवाच्या समईला चिंच-लिंबू चालतं, फक्त नंतर भरपूर पाण्याने धुऊन कोरडं करा, नाहीतर दोन दिवसांत हिरवट कळंक चढतो. जमवण्याच्या जुन्या पितळी दिव्याला मऊ कापड आणि सौम्य साबण इतकंच पुरे. घासघासून उमटलेली अक्षरं झिजतात. पत्र्याच्या कंदिलाला तर आम्लाचा हातच लावू नका, वरची कथिलाची कोटिंग गेली की गंज थांबत नाही. बल्ब बसवण्यासाठी टाकीला भोक पाडू नका. उजेडच हवा असेल तर काचेच्या आत बॅटरीवरचा छोटा दिवा ठेवता येतो. टाकी झाळायला देण्यापूर्वी तेल पूर्ण काढून ती बरेच दिवस उघडी वाळवा आणि आत रॉकेल होतं हे कारागिराला स्पष्ट सांगा. उरलेल्या वाफेवर झाळण्याचं तापलेलं हत्यार टेकलं तर टाकी फुटते.

जूनच्या आधी, खाडीकडची दमट हवा घरात भरण्यापूर्वी, न वापरायचे कंदील रिकामे करून वात बाहेर काढा. टाकी सैल झाकणाने उन्हात वाळवा, पत्र्यावर आतबाहेर मशीनच्या तेलाचं बोट फिरवा आणि सुती कापडात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत घाम धरतो. काच वेगळी, कागदात गुंडाळून, डब्यात. सोबत एक चिठ्ठी ठेवा: कंदील कुणाकडून आला, वातीची रुंदी किती, काचेची उंची आणि खालचा-वरचा व्यास किती. काच फुटली की दुसरी शोधताना याच मापांची गरज पडते.