आधी हूक, मग मणी : बाजाराच्या आदल्या दिवशीची तयारी

आमच्या आत्याबाईंना लकवा मारल्यापासून डावा हात उचलत नाही. मंगळसूत्र घालायचं तर दर वेळी सुनेला हाक. म्हणून आता बाजाराला निघण्याआधी माझी पहिली तपासणी हीच असते: एक हात पदराला बांधायचा, डोळे मिटायचे आणि टोपलीतली विकायची प्रत्येक माळ उरलेल्या हातानं गळ्यात घालून पाहायची. जी जमली नाही तिचा हूक बदलायचा. तो बारीक स्प्रिंगचा हूक तर काढूनच टाका, धडधाकट बाईच्याही नखातून निसटतो. माळ ३० इंचांची ओवली तर हुकाची गरजच नाही, सरळ डोक्यातून घालता येते. मॅग्नेटचा हूक सगळ्यात सोपा. पण देण्याआधी पेसमेकर बसवलाय का, हे विचाराच. मॅग्नेट त्यापासून सहा इंच तरी लांब हवं, आणि माळेचा हूक फिरत फिरत छातीवर येतो. अशा बाईला साधी डोक्यातून घालायची माळ द्या.

बांगड्यांत अडीचचं माप म्हणजे आतून ६३.५ मिलिमीटर. आखडलेली मूठ त्यातून जात नाही, ओढाताणीत कातडी सोलते. तोंड उघडं ठेवलेलं कडं मनगटावर बाजूनं सरकवता येतं, तेच जास्त न्या. टोकं घासून गोल करा आणि गालावर फिरवून बघा. आमच्या वरोऱ्याकडे, आनंदवनाच्या भागात, कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या पण बोटं बधिर राहिलेल्या बाया आहेत. तार टोचली तरी त्यांना कळत नाही. दिसते तेव्हा जखम चिघळलेली असते. मे महिन्याच्या उन्हात पितळी कडं तापतं, त्याचा चटकाही कळत नाही. त्यांच्यासाठी बांबूचे मणी वेगळे काढून ठेवा.

गुंजा कितीही सुंदर दिसोत, ओवू नका. बी विषारी असते आणि छिद्र पाडलं की वरचं कवच फुटतं.

डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी पिशवीच्या नाडीला खूण करा: लाल माळेला एक गाठ, हिरवीला दोन. आणि रंग तोंडानं सांगा. कोणत्या लुगड्यावर काय घालायचं, हे त्यांनाही ठरवायचं असतं.

दुकान बोळीत न लावता रस्त्याच्या कडेला, तीनचाकी सायकल टेकेल असं लावा. हातात धरायचा आरसा घ्या. पक्कड आणि दहा-बारा सुटे हूक विसरू नका; कोणी स्वतःचं जुनं मंगळसूत्र घेऊन आली तर तिथंच हूक बदलून द्या, पैसे न घेता.