पंजोबाची पलटण कशी शोधायची

घरात नुसतं 'पंजोबा लढाईत होते' एवढंच माहीत असेल तर आधी मेडल शोधा, जुन्या पेटीत नाहीतर देव्हाऱ्यात पाहा. त्याची कड पाहा. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव अन् पलटण बारीक इंग्रजी अक्षरात असते, उन्हात तिरपं धरून मोबाईलनं फोटो काढा अन् झूम करा, पण राखेनं घासू नका बरं, अक्षरं झिजली की पुरावाच गेला.

१११ महार निघालं तर ती पलटण १९१७ ची, १९२१ मध्ये मोडली. आताची महार रेजिमेंट १९४१ ला बेळगावात उभी राहिली, लोकं दोन्ही एकच समजतात. तिचं सेंटर मध्य प्रदेशात सागरला आहे, पत्र टाकताना पंजोबाचा नंबर लिहाच.

मेडल नसलं तर पेन्शनचे कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. लढाईतच गेले असतील तर दोन्ही महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साईटवर फुकटात नाव शोधता येतं, कधीकधी बापाचं नाव अन् गावही लिहिलेलं असतं, फक्त स्पेलिंग साहेबानं ऐकलं तसं लिहिलंय म्हणून चारपाच तऱ्हेनं टाकून पाहा.