स्पर्धा सोडल्यावर स्केटिंग शिकवायचंय?

मी चौदा वर्षं आर्टिस्टिक रोलर स्केटिंग केलं. मुंबईत बर्फ कुठून आणणार, आमचं फिगर स्केटिंग चाकांवरच. गुडघा ऐकेना तेव्हा स्पर्धा सोडली. आता मुलुंडला मुलांना शिकवते.

तुम्हीही थांबायच्या बेतात असाल, तर शेवटच्या सीझनपासूनच कुणाच्या तरी हाताखाली शिकवायला लागा. पदक कमी पडलं म्हणून कचरू नका. कॅनडाचे फिगर स्केटर ब्रायन ऑर्सर १९८४ आणि १९८८, दोन्ही ऑलिंपिकमध्ये रौप्यावर थांबले. पुढे त्यांच्याकडे शिकून युना किमने २०१०ला सुवर्ण जिंकलं, युझुरु हान्यूने २०१४ आणि २०१८ला.

आधी आपल्या उड्यांचे टप्पे सुटे करा. एका मुलीने मला विचारलं, "ताई, अ‍ॅक्सलला उजवा गुडघा कधी आणायचा?" अ‍ॅक्सल म्हणजे पुढे तोंड करून घेतलेली दीड फेरीची उडी. हजारो वेळा मारलेली, पण मला सांगता येईना. रात्री जुना व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला आणि वहीत उतरवलं: डाव्या पायाच्या बाहेरच्या एजवर, म्हणजे कडेवर झुकून, पुढे, गुडघा वाकलेला, मग उजवा गुडघा आणि दोन्ही हात एकदमच वर, हवेत वजन उजव्या अंगावर, दीड फेरी, आणि उजव्या पायावर, मागे सरकत उतरायचं. प्रत्येक उडीचं असं एक पान करा.

पहिला तास फक्त पडण्याचा. गुडघे वाकवून कुशीवर, मांडीवर पडायचं, हात मागे टेकायचा नाही, मनगट जातं. पडल्या पडल्या मुठी मिटायच्या, नाहीतर मागून येणाऱ्याचं चाक बोटांवरून जातं. हे मी रोज करून घेते, मोठ्या मुलांकडूनही.

जागा गुळगुळीत हवी. पेव्हर ब्लॉकच्या फटीत चाक अडकतं. सोसायटीची परवानगी लेखी घ्या. मी तोंडी घेतली होती, दोन महिन्यांत क्लास बंद पडला.

पावसाळ्यात स्टिल्ट पार्किंगमध्ये साधे बूट घालून नुसत्या उड्या आणि तोल. स्केट्स भिजलेच तर त्याच दिवशी चाकांतले बेअरिंग काढा. एका जोडीत सोळा असतात. रॉकेल नाहीतर थिनरमध्ये धुऊन, नीट वाळवून, एकेक थेंब मशीनचं तेल. मुलांनाच करायला लावा, आवडतं त्यांना.

"उडी कधी शिकवणार?" आईबाबा पहिल्याच आठवड्यात विचारतात. मी सांगते, दोन्ही पायांवर, एकेकावर, दहा सेकंद न डुगडुगता सरकता आलं की दुसऱ्या दिवशी.