चलन हलले की तंत्रज्ञान कंपनीचा निकाल कसा वाचावा

तंत्रज्ञान कंपनीचा तिमाही निकाल हाती आल्यावर नफ्याच्या आकड्याकडे वळण्याआधी, कंपनीला पैसे कोणत्या चलनात मिळतात आणि तिचा खर्च कोणत्या चलनात होतो, हे तपासावे. तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीची जवळपास सगळी विक्री अमेरिकी डॉलरमध्ये होते, पगार आणि वीज यांसारखा बराचसा खर्च मात्र तैवानी डॉलरमध्ये होतो. त्यामुळे तैवानी डॉलर वधारला की चिपची मागणी तसूभरही कमी न होता नफा आकसतो.

मे 2025 मध्ये तैवानी डॉलर अचानक उसळला, तेव्हाचा हिशेब मुळातून पाहण्याजोगा आहे. त्या वर्षीच्या पहिल्या तिमाहीत एका अमेरिकी डॉलरला सरासरी सुमारे 32.9 तैवानी डॉलर मिळत होते, दुसऱ्या तिमाहीत ते सुमारे 31.05 वर आले. त्या तिमाहीत टीएसएमसीची विक्री आधीच्या तिमाहीच्या तुलनेत अमेरिकी डॉलरमध्ये 17.8 टक्के वाढली, तर तैवानी डॉलरमध्ये 11.3 टक्केच. दोन्ही आकडे खरे आहेत. धंदा किती वाढला हे पहिला सांगतो आणि कंपनीच्या हिशेबात किती उतरले हे दुसरा.

तैवानी डॉलर 1 टक्क्याने वधारला की ढोबळ नफ्याचे प्रमाण (विक्रीतून उत्पादनखर्च वजा जाता उरणारा हिस्सा) सुमारे 0.4 टक्केबिंदूंनी घटते, असे कंपनीनेच सांगितले आहे. विनिमय दरातील वरच्या सुमारे साडेपाच टक्क्यांच्या फरकाला हे सूत्र लावल्यास 2.2 टक्केबिंदूंचा फटका निघतो. प्रत्यक्षात प्रमाण 58.8 वरून 58.6 टक्क्यांवरच आले, कारण कारखान्यांचा वाढलेला वापर आणि खर्चातील सुधारणा यांनी बरीचशी तूट भरून काढली. व्यवस्थापनाचे खरे कर्तृत्व असे वजाबाकी करूनच दिसते.

पुढील तिमाहीचा अंदाज वाचताना त्यामागे गृहीत धरलेला विनिमय दर अवश्य शोधावा. 2025 च्या तिसऱ्या तिमाहीसाठी टीएसएमसीने 29 चा दर धरून 55.5 ते 57.5 टक्के ढोबळ नफ्याचा अंदाज दिला होता, पण प्रत्यक्ष दर सुमारे 29.9 राहिला आणि प्रमाण 59.5 टक्के आले. वरील सूत्राने पाहता त्यातील सव्वा टक्केबिंदू तरी चलनाची देणगी होती, आणि अशा देणगीसाठी शेअरला चढी किंमत मोजणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

टीसीएस किंवा इन्फोसिसचे निकाल वाचतानाही हीच रीत चालते, कारण त्यांची कमाई मुख्यतः परकीय चलनांत आणि पगाराचा मोठा भाग रुपयांत असतो. रुपया घसरला की नफ्याचे प्रमाण सुधारलेले दिसते. म्हणून रुपयांतील वाढीबरोबर स्थिर चलनातील, म्हणजे विनिमय दर बदललाच नाही असे धरून काढलेली, वाढ पाहावी. हेजिंग, म्हणजे विनिमय दर आगाऊ ठरवून घेण्याचे करार, केले असल्यास परिणाम उशिरा किंवा सौम्य होऊन दिसतो.

शेअरची किंमत मात्र दरवेळी या हिशेबाने चालत नाही. बँक ऑफ जपानने जुलै 2024 च्या अखेरीस व्याजदर वाढवल्यावर येन झपाट्याने वधारला, स्वस्त येन उसने घेऊन केलेले सौदे मोडू लागले आणि अमेरिकी मंदीच्या धास्तीची त्यात भर पडून 5 ऑगस्टला जपानी शेअर बाजाराचा निर्देशांक निक्केई 12.4 टक्के कोसळला. अशा दिवशी निर्यातदार आणि बिगरनिर्यातदार असा भेद बाजार करत नाही. तो नंतरच्या आठवड्यांत करतो, आणि वरची आकडेमोड तेव्हा उपयोगी पडते.

न्यूयॉर्कमध्ये टीएसएमसीचे एडीआर (अमेरिकी बाजारात डॉलरमध्ये विकल्या जाणाऱ्या, परदेशी शेअरच्या बदल्यातील पावत्या) घेणाऱ्या भारतीय गुंतवणूकदाराच्या परताव्यात तैवानी डॉलर, अमेरिकी डॉलर आणि रुपया अशी तिन्ही चलने मिसळलेली असतात, तेव्हा शेअर किती वाढला हे रुपयांत मोजण्याआधी तैपेईतील भावाशीही ताडून पाहावे.