दुबईत नोकरी शोधायला येताय? आधी कागद, मग काम

व्हिजिट व्हिसावर यायचं आणि नोकरी शोधायची, हा प्रकार इथे इतका रुळलाय की त्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. बर दुबई, करामा, देरा, कुठल्याही बेडस्पेसमध्ये, म्हणजे पलंगापुरती जागा भाड्याने मिळते अशा खोलीत, डोकवा. दोघं-तिघं तरी लॅपटॉप उघडून सीव्ही पाठवत बसलेले असतात, आणि त्यात एखादा रत्नागिरीचा नाहीतर सोलापूरचा निघतोच. नोकरी शोधण्यात गैर काही नाही. व्हिजिट व्हिसावर काम करणं मात्र बेकायदा आहे, आणि लोक नेमके तिथेच फसतात.

तुम्हाला फसवणाऱ्याचं सगळं लक्ष तुमच्या व्हिसाच्या तारखेवर असतं. पहिल्या दोन आठवड्यांत जो मुलगा ‘चार हजार दिरहॅमच्या खाली बघणारच नाही’ म्हणतो, तोच शेवटच्या आठवड्यात दोन हजारांवर, कुठल्याही कागदाविना, उद्यापासून यायला तयार होतो. म्हणून मुलाखतीत व्हिसाचं विचारलं तर ‘व्हिजिटवर आहे’ एवढं सांगून गप्प बसा. ‘सर, आठच दिवस उरलेत हो’ हे स्वतःहून सांगायची काही गरज नाही. परतीच्या तिकिटाचे पैसे बाजूला काढून ठेवा आणि काहीही झालं तरी त्यांना हात लावू नका. ओव्हरस्टे झाला, म्हणजे व्हिसा संपल्यावरही राहिलात, तर दिवसाला ५० दिरहॅम दंड चढतो. हातात नोकरी नसलेल्या माणसाला तो किती लवकर नाकातोंडाशी येतो, हे इथे आल्यावर कळतं. २०२२ पासून नोकरी शोधण्यासाठीचा वेगळा व्हिसाही मिळतो, तोही अगदी १२० दिवसांपर्यंतचा. शिक्षणाच्या अटीत बसत असाल तर निघण्याआधी त्याची चौकशी करा. आणि डिग्रीचं अटेस्टेशन, म्हणजे ती खरी असल्याचे सरकारी शिक्के, तिकडूनच उरकून या. इथे बसून मंत्रालय, दिल्ली आणि यूएईच्या वकिलातीचे शिक्के गोळा करायचे म्हणजे महिना त्यातच जातो.

ज्यांच्या पासपोर्टवर ईसीआर (परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी हवी, असा शेरा) आहे, म्हणजे ढोबळमानाने दहावी न झालेल्यांनी, पुढचं नीट वाचा. कामासाठी आखातात जाताना तुम्हाला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या भारत सरकारच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. ती ई-मायग्रेट या सरकारी साइटवरून निघते आणि तिच्यासोबत प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाखांचा विमाही येतो. एजंट हे सगळं टाळायला म्हणतो, ‘व्हिजिटवर जा, तिकडे व्हिसा चेंज करून घेऊ.’ तसं गेलात की सरकारदरबारी तुम्ही पर्यटक. पुढे अडचण आली तर ना विमा, ना एजंटवर पकड. एजंट नोंदणीकृत आहे का, त्याच्या परवान्याची मुदत संपलीय का, हे ई-मायग्रेटच्या साइटवर कुणालाही बघता येतं. भारताच्या नियमाप्रमाणे नोंदणीकृत एजंटला तुमच्याकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. जो दीड लाख मागतो आणि पावतीचं नाव काढलं की ‘अरे, आपण घरचेच’ म्हणतो, त्याच्याकडे चहासुद्धा पिऊ नका.

इथल्या कायद्याप्रमाणे भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकाने करायचा असतो. तो थेट तुमच्याकडून घेता येत नाही आणि पगारातूनही कापता येत नाही. त्यामुळे मोठ्या हॉटेलच्या किंवा तेलकंपनीच्या नावाने जीमेलवरून ऑफर आली आणि खाली ‘व्हिसा प्रोसेसिंग फी’ लिहिलेली असली, तर पुढे वाचायची गरज नाही. शंका असेल तर ऑफर लेटरवरचा नंबर मोहरेच्या, म्हणजे इथल्या कामगार मंत्रालयाच्या, ॲपवर किंवा साइटवर टाकून बघा. एन्ट्री परमिट, म्हणजे देशात शिरायचा परवाना, खरं आहे का ते दुबईसाठी जीडीआरएफए आणि बाकी अमिरातींसाठी आयसीपी या व्हिसा खात्यांच्या साइटवर दिसतं. फ्री झोनमधल्या, म्हणजे वेगळे नियम असलेल्या व्यापारी क्षेत्रांतल्या, कंपन्यांचे कागद त्या-त्या झोनकडून निघतात, तेव्हा चौकशीही तिथेच करायची.

आणखी एक सापळा आहे, आणि तो शिकलेल्या पोरांसाठी आहे. ‘डिजिटल मार्केटिंग, पोस्टिंग थायलंड, राहणं-खाणं कंपनीचं’ असं सांगून दुबईतल्या आणि भारतातल्या एजंटांनी अनेकांना थायलंडमार्गे म्यानमारमध्ये नेलं आणि तिथे ऑनलाइन फसवणुकीच्या धंद्याला जुंपलं. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. दुबईत मुलाखत आणि नोकरी तिसऱ्याच देशात, असं दिसलं की तिथूनच मागे फिरायचं.

आता ‘ट्रायल’. आमच्या खोलीत साताऱ्याकडचा एक बीकॉम मुलगा होता. देरातल्या एका ट्रेडिंग ऑफिसात त्याला सांगितलं, ‘आठवडाभर ये, काम बघतो, मग व्हिसा टाकतो.’ पहिल्या दिवशी गोदामातल्या खोक्यांची मोजदाद. दुसऱ्या दिवसापासून वर्षभराची थकलेली बिलं सिस्टीममध्ये चढवणं, सकाळी नऊ ते रात्री नऊ. आठवडा सरला तेव्हा पीआरओ, म्हणजे कंपनीची व्हिसाची कामं बघणारा माणूस, सुट्टीवर. पुढच्या आठवड्यात कंपनीचा व्हिसाचा कोटा नाही. बिलं संपली त्या दिवशी ‘मॅनेजमेंटने अप्रूव्ह केलं नाही’. पैसे मागायला गेला तर त्यालाच ऐकवलं, ‘तू व्हिजिटवर काम करत होतास, तक्रार करतोस का?’ गंमत अशी की परमिटशिवाय माणूस कामाला लावणाऱ्या मालकाला २०२४ पासून एक लाख ते दहा लाख दिरहॅमपर्यंत दंड आहे. म्हणजे घाबरायला हवं होतं त्यांनी. पण व्हिसाला चार दिवस उरलेला मुलगा कुठे भांडत बसणार? तो परत गेला. कौशल्य बघायचं तर तासाभराची टेस्ट घ्या म्हणावं, एक्सेलची घ्या, टॅलीची घ्या. त्यापुढे वर्क परमिट निघाल्याशिवाय खुर्चीवर बसायचं नाही.

ऑफर लेटर आलं की बहुतेक जण फक्त खालची बेरीज बघतात. बेसिक, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार, किती ते बघा. समजा दोघांनाही एकूण ४,००० दिरहॅम आहेत, पण एकाचा बेसिक १,६०० आणि दुसऱ्याचा २,४००. ग्रॅच्युइटी पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांच्या बेसिकवर मिळते. पहिल्याचे वर्षाला १,१२० होतात, दुसऱ्याचे १,६८०. ओव्हरटाइमही बेसिकवरच: साध्या वेळी २५ टक्के जास्त, रात्री दहा ते पहाटे चार ५० टक्के जास्त. नोकरी गेल्यावर मिळणारा बेरोजगारी विमाही बेसिकच्या ६० टक्के. त्याचा हप्ता बहुतेकांना महिन्याला ५ दिरहॅम पडतो आणि तो सक्तीचा आहे, विसरलात तर दंड. एचआरवाला ‘एकूण तेवढंच आहे ना’ म्हणेल. हो, महिन्याच्या शेवटी तेवढंच आहे. बेसिकबद्दल घासाघीस करायची वेळ सहीच्या आधीची, नंतर कुणी ऐकत नाही. सही करताना अरबी-इंग्रजीबरोबर हिंदीतली प्रत मागा, ती मिळते. कोऱ्या कागदावर सही तर नाहीच.

प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. त्या काळात मालकाला काढायचं असेल तर १४ दिवसांची नोटीस. तुम्हाला इथेच दुसरीकडे जायचं असेल तर महिन्याची, देश सोडायचा असेल तर १४ दिवसांची. न सांगता गायब झालात तर मालक पळून गेल्याची तक्रार टाकतो, आणि ती निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात. नोटीस ईमेलने द्या, तोंडी नको.

पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा. मालकाने तो ठेवून घेणं कायद्याला मान्य नाही. व्हिसाच्या कामापुरता दिला तर कधी परत मिळणार ते लिहून घ्या. पगार डब्ल्यूपीएसमधून, म्हणजे सरकारी नोंद होणाऱ्या पगार-व्यवस्थेतून, खात्यावर यायला हवा. काही ठिकाणी पगार खात्यावर पूर्ण येतो आणि दुसऱ्या दिवशी सुपरवायझर म्हणतो, ‘आठशे काढून आणून दे.’ हा जुना खेळ आहे. तशी मागणी आली तर व्हॉट्सॲपवर विचारा, ‘सर, हे आठशे कशाचे?’ उत्तर लेखी आलं तर तुमच्याकडे पुरावा झाला, नाही आलं तर बहुतेक वेळा मागणीच थांबते.

पण इथे एक गोष्ट आपल्याकडच्यापेक्षा फार वेगळी आहे. साहेब शिवीगाळ करतोय म्हणून लपून व्हिडिओ काढायचा आणि फेसबुकवर टाकायचा, हे इथे अजिबात करू नका. परवानगीशिवाय कुणाचं रेकॉर्डिंग करणं, फोटो पसरवणं हा सायबर कायद्याखाली गुन्हा आहे आणि तक्रारदाराचाच आरोपी व्हायला वेळ लागत नाही. तारीख-वेळ लिहून ठेवा, ईमेल आणि मेसेज जपा, सोबत कोण होतं त्याची नोंद ठेवा. कामाच्या जागी छळ, लैंगिक छळ, शाब्दिक किंवा शारीरिक दांडगाई या सगळ्याला २०२१ च्या कामगार कायद्यात स्पष्ट मनाई आहे. मुलींना तर माझं सांगणं सरळ आहे: मुलाखत फ्लॅटमध्ये किंवा हॉटेलच्या खोलीत असेल तर जाऊ नका, मग पगार कितीही असो. ऑफिसात जातानाही लोकेशन मैत्रिणीला पाठवून जा. वेळ आलीच तर पोलीस ९९९.

पगार अडकला, तर मोहरेचा ८००८४ हा नंबर आहे. तक्रार ॲपवरूनही होते, फी लागत नाही, आणि ५० हजार दिरहॅमपर्यंतच्या दाव्यावर आता मंत्रालयच निर्णय देऊ शकतं. आपल्या वकिलातीच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री नंबर ८०० ४६३४२, हिंदीत बोललात तरी चालतं. खोलीतले अनुभवी लोक ‘तक्रार केलीस तर बॅन लागेल’ म्हणून घाबरवतील. त्यातल्या किती जणांनी स्वतः कधी तक्रार केलीय, ते एकदा विचारून बघा.

नोकरी सोडताना शेवटची सही व्हिसा कॅन्सलेशनच्या कागदावर होते आणि त्यात ‘सर्व देणी मिळाली’ अशी ओळ असते. ‘सही कर, पैसे उद्या टाकतो’ असं म्हणतील. नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत सगळा हिशेब देणं मालकावर बंधनकारक आहे, तेव्हा पैसे खात्यावर आल्याचा मेसेज बघून मगच सही करा. कॅन्सल झाल्यावर देशात राहायची किती मुदत आहे, ते व्हिसाच्या प्रकारावर ठरतं. ती तारीख पीआरओच्या तोंडून नको, स्वतः साइटवर बघून घ्या.