नागपूर-मुंबई विमानाने: आई-बाबांना घेऊन निघायच्या आधीची तयारी

आई-बाबांना मुंबईच्या दवाखान्यात दाखवायला न्यायचं असेल आणि पहिल्यांदाच विमानाने जाऊन राहिले असाल तर आधी वेळेचा हिशोब मांडा, बाकी सगळी तयारी त्याच्यावरच अवलंबून आहे. नागपूर ते मुंबई हवेतून सरळ रेषेत साधारण ६८५ किलोमीटर, वर गेल्यावर जेट विमान ताशी ८०० च्या आसपास चालतं, म्हणजे हवेत तासाच्या थोडं वर. तरी तिकिटावर दीड तास किंवा त्याहून जास्त लिहिलेला दिसेल, कारण सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, विमान जागेवरून हललं तिथपासून ते मुंबईत जागेवर लागेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात, आणि मुंबईत उतरायला गर्दी असली की वरच फेऱ्या मारत ठेवतात, पावसाळ्यात तर जास्तच. हिवाळ्यात वरचं वारं पश्चिमेकडून येतं ना, त्यामुळे जाताना जरा जास्त वेळ लागतो, येताना वाचतो.

आता बघा, ७ ची फ्लाइट पकडली तर उतरून बॅगा हातात येईपर्यंत ९ वाजतात, पुढे परळच्या दवाखान्यापर्यंत टॅक्सीला ट्रॅफिकमधे तास-सव्वा तास सहज, आणि नागपूरहूनच अर्धा तास उशिरा निघालं तर ११ ची अपॉइंटमेंट जेमतेमच गाठाल. पेशंट सोबत असेल तर आदल्या दिवशीच जा, मी तर हेच सांगीन सगळ्यांना.

तिकीट काढताना मुंबई म्हणजे कोणतं विमानतळ ते नक्की बघा, आता नवी मुंबईचंही सुरू झालंय (तिकिटावर एनएमआय दिसेल, जुन्याला बीओएम), दोन्ही शहराच्या दोन टोकांना आहेत. बीओएम असेल तर टर्मिनल कोणतं, टी१ का टी२, तेही बघून ठेवा. व्हीलचेअर लागत असेल तर बुकिंग करतानाच सांगा, नाहीतर निदान ४८ तास आधी तरी. नाव आधारवर आहे तसंच तिकिटावर पाहिजे.

औषधं, इन्सुलिन, डॉक्टरची चिठ्ठी, रिपोर्टची फाइल हे सगळं हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत अजिबात नाही, ती बॅग मागे राहिली तर काय कराल? एमआरआयच्या फिल्म मोठ्या पाकिटात सरळ ठेवा, दुमडू नका. पॉवर बँकही हातातच. बहुतेक ठिकाणी मोठी बॅग १५ किलो, हातातली ७, म्हणून घरीच वजन करून घ्या. लोणचं आणि सावजी मसाला नातेवाईकांसाठी नेत असाल तर घट्ट बांधून मोठ्या बॅगेत टाका, सुकं खोबरं मात्र घरीच ठेवा, तेलकट असल्यानं पेट घेतं म्हणून ते चालत नाही.

वेब चेक-इन करून ठेवा, तरी बॅगा द्यायचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, म्हणून दोन तास आधी पोचा. मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर आहे, तिथून टर्मिनलला परत ऑटो करावा लागतो, म्हातारं माणूस सोबत असेल तर घरूनच गाडी केलेली बरी.

परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं काढू नका, डॉक्टर अजून एखादी टेस्ट लिहून देतातच, तारीख बदलता येईल असंच घ्या, थोडे पैसे जास्त लागले तरी.